बझर एकच बंद करायचा होता, निघाले दोन: चरईतल्या एका आरएक्स हंड्रेडचं प्रकरण

गाडी यामाहा आरएक्स हंड्रेड, १९९२ चं मॉडेल, एमएच-०४ पासिंग, पहिल्याच मालकाकडे. मालक म्हणजे ठाण्याच्या चरईतले एक काका, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले, आणि गाडी त्यांनी पगारातून साठवून घेतलेली त्यामुळे तिच्याबद्दल एक शब्द वाकडा बोललेला चालत नाही. तक्रार मात्र त्यांचीच होती. इंडिकेटर दिला की सीटच्या पुढे टाकीखालून चिमण्या ओरडायच्या. तो चायनीज म्युझिकल बझर असतो ना, ९०च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं दर दुसऱ्या गाडीत बसवायचे, तो. काका पहाटे साडेपाचला गाडी काढतात, तलावपाळीला चार फेऱ्या मारतात आणि येताना जांभळी नाक्यावरून भाजी आणतात. चरईतल्या गल्ल्या तुम्हाला माहितीयेत, दोन बिल्डिंगींच्या मधून रिक्षा जेमतेम जाते, तिथे पहाटे वळताना इंडिकेटर दिला की पहिल्या मजल्यावरच्या आजींची झोप गेलीच म्हणून समजा. आजींनी आधी खिडकीतून सांगितलं, मग सोसायटीच्या मिटिंगमध्ये सांगितलं.

आता कोणी म्हणेल पहाटे रिकाम्या गल्लीत इंडिकेटर कशाला द्यायचा, तर काका त्या पिढीतले आहेत जी समोर कुत्रं असलं तरी हात दाखवून वळते. त्यांना ती सवय सोडायची नव्हती आणि मलाही ती सोडायला सांगायची नव्हती.

मी पेशाने मेकॅनिक नाही, पण जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या वायरिंगचं काम हौसेने करतो, उथळसरला ओळखीचे एक वायरमन अण्णा आहेत त्यांच्याकडे बसून शिकलेलं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण बझर काढायचा म्हणजे वायर तोडायची एवढंच बहुतेकांना वाटतं, आणि ह्या गाडीत नेमकं तेच करून ठेवलं होतं.

माझ्याकडे यायच्या आधी काका घराजवळच्या एका गॅरेजवर गेले होते. तिथल्या पोराने टाकीखाली हात घातला, बझरच्या दोन वायरींपैकी हाताला लागली ती कटरने तोडली, आवाज बंद झाला, काम झालं, पैसे पण घेतले नाहीत म्हणे. पहिल्या जोरदार पावसापर्यंत सगळं छान. मग एक दिवस खोपटच्या सिग्नलला उजवा इंडिकेटर दिला आणि इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाईट सगळं एकदम गेलं. गाडी चालूच राहिली, कारण आरएक्सचं इग्निशन मॅग्नेटोवर (इंजिन फिरलं की स्वतःच वीज बनवतो तो) चालतं, बॅटरीवर नाही. हेडलाईट पण होता. त्यामुळे काका म्हणतात, "मला आधी कळलंच नाही, हॉर्न मारायला गेलो तेव्हा समजलं." फ्यूज गेला होता. नवीन टाकला, दोन दिवसांनी परत गेला. परत टाकला, परत गेला. शेवटी त्याच गॅरेजवाल्याने फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली आणि सांगितलं, "आता जाणार नाय काका, बिनधास्त चालवा."

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी आपल्या स्वतःच्या जुन्या गाडीचा फ्यूज एकदा उघडून बघावा. फ्यूज सारखा जातोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि चांदी लावली की फ्यूजच्या ऐवजी वायर जळते. वायर जळायला लागली की ती एकटी जळत नाही, शेजारच्या पाच-सहा वायरींचं प्लास्टिक पण वितळवते, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली चाललेलं असतं.

काकांनी मात्र एक गोष्ट फार चांगली केली होती. तिन्ही वेळा काय करत असताना फ्यूज गेला ते त्यांच्या लक्षात होतं. "डावा दिला की काही होत नाही रे, उजवा दिला की जातो. आणि तो पण दर वेळी नाही." म्हणून त्यांनी उजवीकडे वळताना इंडिकेटर देणं बंद करून हात दाखवायला सुरुवात केली होती, कॅडबरी जंक्शनला बसेसच्या मध्ये सुद्धा. ह्या एका वाक्यात अर्धं निदान झालं. हॉर्न आणि ब्रेक लाईटची लाईन जर शॉर्ट असती तर फ्यूज चावी लावल्या लावल्या किंवा ब्रेक दाबल्यावर गेला असता. डाव्याची लाईन असती तर डाव्याला गेला असता. म्हणजे शॉर्ट इंडिकेटरच्या स्विचच्या पुढे, उजव्या बाजूच्या वायरवर, आणि गाडी हलली की कधी लागणारा कधी सुटणारा.

असा शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसायचं नसतं. चांदी काढून टाकली आणि फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून ब्रेक लाईटचा २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. ही अण्णांची पद्धत, मल्टिमीटरपेक्षा भारी. सर्किट ठीक असेल तर तो बल्ब मिणमिणतो नाहीतर मंद पेटतो, आणि कुठे वायरला थेट अर्थ, म्हणजे गाडीची फ्रेम, लागली असेल तर सगळे बारा व्होल्ट त्याच्यावरच येतात आणि तो लख्ख पेटतो. बल्बमुळे करंट पावणेदोन ॲम्पिअरच्या आसपासच अडतो, त्यामुळे काही जळत नाही. चावी ऑन, इंजिन बंद, उजवा इंडिकेटर. बल्ब साधारणच. मग हँडल डावीउजवीकडे फिरवलं, काही नाही. टाकी उचलून बाजूला ठेवली आणि मधल्या फ्रेमला धरून चाललेल्या वायरी बोटाने एकेक हलवायला लागलो तर एका ठिकाणी बल्ब भक्कन पेटला. तिथे ती होती. गडद हिरव्या वायरला जोडलेली एक पातळ वायर, टोक कापलेलं, तांब्याच्या तारा मिशीसारख्या बाहेर आलेल्या आणि फ्रेमवर ती घासून घासून रंग निघालेला एक नखाएवढा चकचकीत ठिपका. पावसाचं पाणी, टू-स्ट्रोकचं व्हायब्रेशन, बाकी काय पाहिजे.

आता इथे वायरिंग जरा समजून घेऊया, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. यामाहाच्या जुन्या गाड्यांत रंग बहुतेक पक्के असतात. ब्राऊन म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा प्लस. तो फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, जातो. फ्लॅशरमधून ब्राऊन-पांढरी पट्टी निघून हँडलवरच्या स्विचला जाते. स्विचमधून चॉकलेटी वायर डाव्या दोन इंडिकेटरना आणि गडद हिरवी उजव्या दोघांना. काळी अर्थिंग. ब्राऊन आणि चॉकलेटी ह्यात तीस वर्षांनी काय फरक राहतो ते देवाला माहीत, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवा पण टेस्ट लॅम्पने खात्री करा.

बझर आवाज करतो तो डावा दिला तरी आणि उजवा दिला तरी. मग त्याला जोडायचा कुठे? बरेच जण म्हणतात फ्लॅशरच्या आउटपुटला आणि अर्थला. तसा जोडला तर स्विच मध्ये असताना पण बझरला फ्लॅशरमधून प्लस मिळतो, आणि बझर इतका कमी करंट ओढतो की साधा फ्लॅशर गरमच होत नाही, त्यामुळे चावी लावली की अखंड चिवचिव. म्हणून जुने वायरमन एक युक्ती करतात, एक वायर डाव्या लाईनला, दुसरी उजव्या लाईनला, अर्थ कुठेच नाही. डावा दिला की करंट डाव्या लाईनमधून बझरमध्ये, बझरमधून उजव्या लाईनमध्ये आणि उजव्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला. उजवा दिला की उलटा प्रवास. बझरला लागतात काही मिलीॲम्पिअर, तेवढ्यात दहा वॉटचा बल्ब पेटणं शक्य नाही, म्हणून विरुद्ध बाजू अंधारीच राहते. ही युक्ती वायरमनची नाही, कंपनीचीच आहे. ज्या गाडीच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून इंडिकेटरचा एकच छोटा दिवा असतो तिथे तो दिवा असाच डाव्या-उजव्याच्या मध्ये लटकलेला असतो. बझरवाल्याने फक्त त्याच दोन वायरींना बझर चिकटवलेला असतो.

म्हणजे कापलेल्या वायरचं जे टोक गाडीकडे राहिलं ते थेट उजव्या इंडिकेटरची लाईन होती. बझरकडचं टोक लोंबकळलं तरी काही बिघडलं नसतं. पोराने चुकीची वायर कापली असं नाही, दुसरी कापली असती तरी हेच झालं असतं, फक्त डाव्या बाजूला. कापून उघडी सोडली ही खरी गडबड.

काढायची बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. हेडलाईट उघडला, डोममध्ये जिथे चॉकलेटी आणि हिरव्या वायरीची साल काढून बझरची वायर पिळून बसवली होती तिथपर्यंत गेलो आणि ते दोन्ही जोड मुळापासून सोडवले. साल काढलेल्या जागी तांबं काळं पडलेलं होतं, ते बारीक पॉलिश पेपरने साफ केलं, हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी फाडल्याशिवाय मधोमध चढत नाही म्हणून त्या लाईनचं बुलेट कनेक्टर सोडून नळी आत सरकवली, लायटरने आवळली, कनेक्टर परत लावलं. नुसती इन्सुलेशन टेप लावली तर ठाण्याच्या उन्हात आणि इंजिनच्या धगीत वर्षभरात तिचा गोंद वितळून ती सुटते. बझर आणि त्याच्या पातळ वायरी पूर्ण बाहेर. बझर कुठे आहे तेच सापडत नसेल तर इंडिकेटर चालू ठेवून टाकीखाली, हेडलाईटमागे, सीटखाली हात फिरवायचा, बोटाने भोक दाबलं की आवाज दबतो, तोच तो.

दहा ॲम्पिअरचा खरा फ्यूज टाकला, काकांना म्हटलं द्या आता उजवा इंडिकेटर.

पीप. पीप. पीप.

काका माझ्याकडे बघतायत, मी काकांकडे. "अरे, आई नेलीस आणि पिल्लू ठेवलंस काय?"

सीटखालून येत होता आवाज. बारीक, एकसुरी, इलेक्ट्रॉनिक. हा आधीपासूनच होता, चिमण्यांच्या आवाजात कधी कळला नाही आणि वायर कापल्यावरच्या दिवसांत काकांनी तो स्कूटरवाल्या शेजाऱ्याचा समजला. सीट काढली तर फ्लॅशरच्या जागी एक काळी चौकोनी डबी, वर बारीक भोक. बझरवाला फ्लॅशर. हा प्रकार बाजारात सर्रास मिळतो, फ्लॅशर आणि बझर एकाच डबीत, त्यामुळे ह्याच्यात वेगळी वायर काढून बझर बंद करायची सोयच नाही. भोकावर टेप मारून आवाज कमी करता येतो, एम-सील भरून जवळजवळ बंद करता येतो, पण पूर्ण घालवायचा तर फ्लॅशरच बदलावा लागतो.

आता माझं डोकं दुसरीकडे चालायला लागलं. ज्या गाडीत आधीच चिमण्यांचा बझर आहे तिच्यात कोणी दुसरा बझरवाला फ्लॅशर का बसवेल? काकांना विचारलं तर म्हणाले, फ्लॅशर बदलला ना, मागच्या वर्षी गाडीला रंग केला त्यानंतर. रंग म्हणजे पूर्ण उघडून पावडर कोटिंग, फ्रेम, फोर्कचे कान, इंडिकेटरच्या दांड्या, सगळं. गाडी दिसायला नवी कोरी झाली पण उजवा इंडिकेटर नीट लुकलुकेना, कधी हळू, कधी पेटून तसाच राहायचा. डावा ठीक. मग कोणीतरी सांगितलं फ्लॅशर गेला, इलेक्ट्रॉनिक टाका, कधी अडणार नाही. दुकानात जो मिळाला तो टाकला, त्याच्यात बझर होता, चिमण्यांच्या आवाजात कोणाचं लक्ष गेलं नाही.

जुना साधा फ्लॅशर म्हणजे आत बायमेटलची (दोन धातू चिकटवलेली) पट्टी. इंडिकेटरचा करंट तिच्यातून जातो, ती तापते, वाकते, सर्किट तुटतं, थंड होते, परत जोडलं जातं. म्हणून त्याचा ताल करंटवर अवलंबून असतो. दहा वॉटचा एक बल्ब बारा व्होल्टला साधारण ०.८ ॲम्पिअर घेतो, दोन मिळून दीड ते पावणेदोन ॲम्पिअर, फ्लॅशर तेवढ्यासाठी बनवलेला. एक बल्ब गेला किंवा अर्धवट पेटला की पट्टी पुरेशी तापत नाही आणि ताल बिघडतो. ताल बिघडणं हा फ्लॅशरचा आजार नसून तो तुम्हाला बल्बकडे बघायला सांगत असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला करंटची फारशी पर्वा नसते, तो आपला ठरलेल्या वेगाने चालू-बंद करत राहतो, आणि म्हणून तो बसवल्यावर "दुरुस्त झालं" असं वाटलं. मागचा उजवा बल्ब तेव्हाही मंद होता, आजही मंद होता. दिवसा कोणाला कळणार.

व्होल्ट मोजायला एक अडचण येते, इंडिकेटर लुकलुकत असला की मल्टिमीटरचा आकडा स्थिर राहत नाही. म्हणून फ्लॅशर काढून त्याच्या दोन पिनांच्या वायरी एका तुकड्याने थेट जोडायच्या, इंडिकेटर मग न लुकलुकता सरळ पेटून राहतो. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन मागच्या उजव्या बल्ब होल्डरच्या पत्र्याला. अर्थिंग चांगली असेल तर तिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे, पाव व्होल्टच्या आत. आले चार व्होल्टच्या वर. म्हणजे बारापैकी चार व्होल्ट बल्बला मिळतच नव्हते, परतीच्या वाटेत खर्च होत होते. ह्या गाडीत मागच्या इंडिकेटरला वेगळी अर्थ वायर नाही, दांडीचा नट बॉडीला आवळला जातो तीच अर्थिंग, आणि पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच. दोन्ही बाजूंनी जाड कोटिंग आणि मध्ये वॉशर. करंट जात होता तो आट्यांवरच्या एखाद्या ओरखड्यातून.

सुंदर रंगवलेल्या गाड्यांचं हे दुखणं मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "गाडी फुल रिस्टोर केली आणि त्यानंतर इलेक्ट्रिकल वेडं झालंय" म्हणालं की मी बाकी काही न बघता नट सोडायला बसतो. वॉशरखाली झाकलं जाईल एवढ्याच गोलात कोटिंग खरवडायचं, दातेरी वॉशर टाकायचा, आवळायचा आणि वरून जरासं ग्रीस म्हणजे गंज नको. काकांच्या तोंडावर दुःख दिसलं ब्लेड बघून, पण झाकलं गेल्यावर बाहेरून काही दिसत नाही हे दाखवलं. चारही इंडिकेटरना तेच केलं. परत मोजलं तर ०.१ व्होल्ट, आणि मागचा बल्ब पुढच्याइतकाच पेटला.

मग बाजारातून साधा दोन पिनांचा बायमेटल फ्लॅशर आणला, ज्याच्यावर बारा व्होल्ट आणि दहा वॉटचे दोन बल्ब असं छापलेलं असतं. बी लिहिलेल्या पिनला ब्राऊन, एल लिहिलेल्याला ब्राऊन-पांढरी. त्याला रबराच्या कडीत लटकवायचं, थेट फ्रेमला बोल्ट केला तर आरएक्सचं व्हायब्रेशन आतली पट्टी हलवतं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं, मिनिटाला ऐंशीच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखं. सेंट्रल मोटर व्हेईकल रुल्स १९८९ मध्ये इंडिकेटरसाठी मिनिटाला ६० ते १२० ची मर्यादा आहे, त्यात व्यवस्थित बसलं. जाता जाता, ह्याच रुल्समध्ये कर्कश किंवा दचकवणारा आवाज करणारं कुठलंही उपकरण गाडीला लावायला मनाई आहे, आजींना हे कोणी सांगू नका नाहीतर पुढच्या मिटिंगमध्ये ठराव येईल.

इथपर्यंत आल्यावर गाडी शांत झाली होती आणि खरं तर काम संपलं होतं. पण चिमण्यांचा बझर मुळात का आला होता हे विचारायचं राहिलं होतं. काकांची आठवण पक्की. गाडी आठ-दहा वर्षांची असताना मीटरमधला इंडिकेटरचा दिवा बंद पडला. चारचाकींचे इंडिकेटर वळल्यावर आपोआप बंद होतात, टू-व्हीलरचे सहसा नाही, अंगठ्याने मध्ये आणावे लागतात. दिवा नाही म्हणजे चालू राहिलेला कळत नाही. असाच डावा चालू ठेवून काका गोखले रोडने सरळ चालले होते आणि एका गल्लीतून रिक्षावाला निघाला, त्याला वाटलं हे आत वळतायत. ब्रेक लागले, पडले नाहीत, पण रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते काका आजही सांगत नाहीत. दुसऱ्याच दिवशी बझर बसवला. दिवा कोणी बघितलाच नाही.

म्हणजे ह्या गाडीत आवाज दोन होते आणि दोन्हींच्या खाली एकेक न बघितलेला फॉल्ट झाकलेला. आणि मी जर बझर काढून काकांना तशीच गाडी दिली असती तर त्यांना परत त्या गोखले रोडवर नेऊन सोडलं असतं, ह्यावेळी सत्तरीच्या जवळ आलेल्या वयात. तेव्हा मीटर उघडला. बल्ब काळा पडलेला, होल्डरमध्ये हिरवट थर, आणि होल्डरची एक वायर सुटून मागे अडकलेली. सगळा मिळून पंधरा मिनिटांचा प्रकार, जो वीस-पंचवीस वर्षं राहून गेला. होल्डर घासला, वायर डाखली, बारा व्होल्ट तीन वॉटचा नवीन बल्ब टाकला.

बल्बच का, एलईडी का नाही, तर हा दिवा डाव्या-उजव्याच्या मध्ये लटकलेला आहे हे आठवा. डावा दिला तर करंट एका दिशेने, उजवा दिला तर उलट्या. फिलामेंटला दिशेचं काही नाही. साधा एलईडी एकाच दिशेला पेटतो, म्हणजे एका बाजूला दिवा दिसेल आणि दुसऱ्या बाजूला नाही, आणि मग माणूस तासभर फॉल्ट शोधत बसतो. दोन्ही दिशांना चालणारे एलईडी बल्ब मिळतात पण विचारून घ्यावे लागतात.

अण्णांचं ह्यावर वेगळं मत आहे. ते म्हणतात दुपारच्या उन्हात तीन वॉटचा दिवा काय दिसणार, त्यापेक्षा बझर ठेवायचा, मध्ये एक छोटा स्विच टाकायचा, पहाटे बंद दिवसा चालू. पहिल्या मुद्द्यात दम आहे, ऊन डोक्यावर असताना तो दिवा खरंच नीट दिसत नाही. पण जो माणूस इंडिकेटरचा स्विच बंद करायला विसरतो म्हणून बझर लावायचा त्याच माणसाने बझरचा स्विच रोज सकाळी आठवणीने चालू करायचा, हे मला पटलं नाही. ज्यांना बझर हवाच आहे पण त्रास नको त्यांनी स्विचपेक्षा आवाज कमी करावा, भोकावर दोन-तीन थर कापडी टेप, किंवा साधा पीप-पीप बझर असेल तर त्याच्या एका वायरमध्ये हजार ओहमचा रेझिस्टर. ज्यांना डोळ्यांपेक्षा कानाने जास्त कळतं, उदाहरणार्थ ज्यांची नजर कमजोर झालीये, त्यांच्या गाडीतून मी बझर काढणार नाही. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, म्हणून काढला. शिवाय बायमेटल फ्लॅशर स्वतः टकटक करतो, सिग्नलला इंजिन बंद केलं की सीटखालून ऐकू येतो, आणि काका सिग्नलला इंजिन बंद करतातच, पेट्रोलचे भाव आणि ऑइल वेगळं.

सगळं मिळून सामान पाचशेच्या आत आलं. फ्लॅशर, बल्ब, फ्यूज, दातेरी वॉशर आणि हीट श्रिंक. वेळ मात्र गेला, आणि तो वेळ कुठलंच गॅरेज देणार नाही हे पण मान्य करायला पाहिजे, कारण "बझर बंद करा" म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला मीटर उघडायचे पैसे सांगितले तर तो दुसऱ्या दुकानात जातो. पुढच्या वर्षांत रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवावी लागते, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, तेव्हा इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाईट बघतातच, त्यामुळे हे काम तसंही कधीतरी करावं लागणार होतं. गाडीला सगळे कौतुकाने व्हिंटेज म्हणतात पण सरकारी हिशोबात व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, २०२१ च्या नियमाप्रमाणे, तोवर ती साधी जुनी गाडी आणि तिला पर्यावरण कर.

एक गोष्ट राहिलीये. काकांच्या पुतण्याला चारही इंडिकेटर एलईडी करायचेत, ऑर्डर पण देऊन झालीये म्हणे. त्याला सांगून ठेवलंय की ते नुसते बसवले तर बायमेटल फ्लॅशर लुकलुकणारच नाही, कारण एलईडी पट्टी तापवण्याइतका करंट घेतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला तर मीटरच्या त्या एका बल्बमधून करंट पलीकडे जाऊन चारही एकदम लुकलुकतील, हॅझर्ड लाईटसारखे. तेव्हा दोन डायोड घ्यायचे, १एन४००७ चालतात, एक चॉकलेटी वायरवरून आणि एक हिरवीवरून, दोघांची चंदेरी पट्टीवाली टोकं एकत्र करून मीटरच्या दिव्याला, आणि दिव्याची दुसरी वायर काळ्या अर्थला. आणि फ्लॅशर घेताना डबीवर भोक आहे का ते बघून घे म्हटलं.

"भोक असलं तर?"

"तर आजींना आधी कळव."

तो हसला, पण अजून फ्लॅशर घेऊन आलेला नाही.